पपईच्या देठाची नळी

नायगाव (पूर्व)
६ ऑक्टोबर २०२५

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

आमच्या मराठीच्या बाई म्हणतात, वडील माणसांना असंच लिहायचं. परीक्षेत पत्राला पाच गुण असतात आणि नमस्कार चुकला तर एक जातो. तुम्ही गुण कापणार नाही हे माहीत आहे, पण तुम्ही माझी पत्रं लाल पेनाने तपासून परत पाठवता हेही माहीत आहे.

तुम्ही केळी वाळवून पाठवलेल्या सुकेळ्यांचा डबा मिळाला. दोनच खाल्ली, बाकी आईने वर ठेवली, कारण ती चावताना माझी डावी दाढ ठणकली. आई मला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यांनी सगळ्या जबड्याचा एक मोठा एक्स-रे काढला. माझ्या खालच्या दोन्ही अक्कलदाढा हाडाच्या आत आडव्या झोपल्या आहेत, आणि डावीच्या भोवती पाण्याची पिशवी झाली आहे. चौदाव्या वर्षी सहसा अक्कलदाढेला कोणी हात लावत नाही, पण ही पिशवी वाढली तर शेजारच्या चांगल्या दाढेचं हाड खाईल, असं डॉक्टर म्हणाले. आत्ता मुळं अर्धीच झाली आहेत, म्हणून काढायला सोपं. डावी दिवाळीच्या सुट्टीत, २५ तारखेला. उजवी डिसेंबरात. भूल फक्त जबड्यापुरती देणार. म्हणजे मी जागी असणार आणि मला सगळं ऐकू येणार.

पप्पांचं जहाज ब्राझीलच्या वाटेवर आहे. ते फेब्रुवारीत येतील. आईची रजा दिवाळीतच संपते, तिला फक्त शनिवार-रविवार आहे. सोमवारपासून सकाळी आठ ते रात्री आठ मी आणि चौदावा मजला. आजोबा, तुम्ही चार दिवस याल का? काही करायचं नाही, नुसतं बसायचं.

पत्राचं उत्तर लवकर द्यावं, नाहीतर मी फोन करीन, आणि फोनवर आपलं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

तुमची,
क्षितिजा


आगाशी
११ ऑक्टोबर २०२५

चि. क्षितिजास अनेक उत्तम आशीर्वाद,

पत्र पोचलं. ‘शिरसाष्टांग’ बरोबर. आतलं शुद्धलेखनही बरं. पण आजोबांना धमकी देऊन पत्र संपवायची पद्धत तुझ्या बाईंनी शिकवली नसावी.

दाढेचं वाचून वाईट वाटलं. माझी अक्कलदाढ पंचविसाव्या वर्षी उगवली. तुझी आजी शेवटपर्यंत म्हणायची की दाढ आली तेवढी, तिच्याबरोबर यायचा होता तो माल वाटेत कुठेतरी उतरला. तुला चौदाव्या वर्षीच आली म्हणजे तू घराण्यात सगळ्यांच्या पुढे. घाबरू नकोस. भुलीची सुई टोचते तेवढंच. डॉक्टर बाकी जे करतील ते करू दे आणि तू पंचवीसचा पाढा म्हण.

येण्याचं विचारलंस. आठवड्याभरात नारळ पाडायला माणसं येणार, केळीला पाणी द्यायचं, मला निघता येणार नाही. हे एवढंच लिहून पाकीट बंद केलं होतं. मग उघडलं. तुला खोटं लिहायचं नाही म्हणून लिहितो. नारळ माझ्यावाचूनही पडतात.

गेल्या वर्षी जूनमध्ये मी तुमच्याकडे होतो. आजोबा घरी आहेत म्हणून तू चावी न घेता शाळेत गेलीस. परत येऊन बेल वाजवत राहिलीस, दार ठोकलंस, आणि मी आत पंख्याखाली पेपर वाचत बसलो. दीड तास. शेवटी तुझ्या आईने, हेमालीने, येऊन स्वतःच्या चावीने दार उघडलं तेव्हा तू पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसली होतीस. मला कोणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. कानात यंत्र घातलं की पंख्याचा आवाज तेवढा मोठा होतो, माणसांचा होत नाही. नात दाराबाहेर आणि आजोबा आत, असा पहारेकरी काय कामाचा? मी येणार नाही, राजा. मला लाज वाटते.

वाडीतलं काहीतरी पाठवीन. तुझ्या आईला सांग, चिंता नको.

इकडे सर्व ठीक. कमळी सकाळी येऊन भात-कालवण करून जाते. तुझं बरं असावं, एवढं मागून थांबतो.

आजोबा


आगाशी
२४ ऑक्टोबर

चि. क्षितिजास आशीर्वाद,

उद्या तुझी दाढ. हे पत्र पोस्टाने नाही, भावेशच्या टेम्पोतून येतंय. रविवारी तो नायगावच्या बाजारात केळी उतरवणार आहे. माझ्या चुलतभावाचा हा मुलगा गप्पांत बुडाला की माल विसरतो, म्हणून त्याच्या हातावर पेनाने तुमच्या इमारतीचं नाव लिहून दिलंय.

आठ शहाळी आहेत, विहिरीजवळच्या माडाची. तोंडं तासून घेतलीत, सुरीचं टोक टोचलं की भोक पडेल. पेला नको, पेल्यासाठी तोंड उघडावं लागतं. कागदात गुंडाळलेले पपईच्या पानांचे देठ आहेत. कालच कापले, चीक निघून जावा म्हणून रात्रभर पाण्यात ठेवले, सकाळी मिठाच्या पाण्याने धुतले. तू पाच वर्षांची असताना बाजारची प्लॅस्टिकची नळी फेकून द्यायचीस आणि पपईखाली जाऊन उभी राहायचीस, आठवतं का? ओठांत धरून ओढायचं. जबडा हलवायलाच नको. बघ म्हाताऱ्याचं डोकं.

सोमवारी दुपारी चार वाजता मी विहिरीच्या कट्ट्यावर शहाळं आणि देठ घेऊन बसेन. तू गॅलरीत बस. दोघांनी एकाच वेळी प्यायचं. बोलायचं नाही. तसंही तुला बोलायला बंदी आणि मला ऐकू येत नाही, तेव्हा गाठ चांगली पडली.

चार म्हणजे चार. उशीर केलास तर मी तुझं शहाळंही पिईन.

वाट पाहणारा,
आजोबा


नायगाव
२७ ऑक्टोबर, सोमवार, संध्याकाळ

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

दाढ गेली. पंचवीसचा पाढा पंचवीस नव्वे सव्वादोनशेपर्यंत आला आणि पुढे काहीतरी कडकन वाजलं, मग मी विसरले. दुखलं नाही, पण आवाज फार जवळून येतो. तीन टाके आहेत. डावा गाल पेरूएवढा झालाय. डॉक्टरांनी दाढ छोट्या डबीत घालून दिली. मला वाटलं होतं ती मोठी असेल.

दोन दिवस कमी बोल असं सांगितलंय. गंमत अशी झाली की मी बोलत नाही म्हटल्यावर हळूहळू माझ्याशीही कोणी बोलेना. काल शेजारच्या उन्नतीकाकू आल्या आणि माझ्यासमोर बसून माझ्याबद्दल आईला विचारत होत्या, खाते का, झोपते का. मी नुसती मान हलवत होते. मला तुमची आठवण आली. वास्तुशांतीला सगळे बोलत होते आणि तुम्ही असेच कोपऱ्यात मान हलवत होतात. तेव्हा मला वाटलं होतं तुम्हाला सगळं पटतंय.

आज आई आठला गेली. थर्मासमध्ये पेज आहे, बर्फाची पिशवी आहे, फ्रिजवर डॉक्टरांचा कागद चिकटवलाय, बारा सूचना, माझ्या तोंडपाठ झाल्या आहेत. सकाळपासून घरात फक्त फ्रिजचा आवाज होता. मग चार वाजले. मी पावणेचारलाच गॅलरीत जाऊन बसले होते. खाडीकडून वारा येत होता. आधी एक शहाळं, मग अजून एक. देठाला तोच हिरवट वास आला, वाडीतला. आजोबा, मला खरंच वाटलं की तुम्ही शेजारी आहात. दिवसभरात तेवढाच वेळ बरा गेला.

उद्याही चार वाजता?

आता गाल थोडा ठणकतोय, म्हणून थांबते. पत्र लहान, प्रेम मोठं समजून घ्यावं.

क्षितिजा


नायगाव
२ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस,
हेमालीचा सा. न. वि. वि.

पत्र लिहायची सवय गेली आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. क्षितिजाचं पत्र तुम्हाला मिळालं असेल, पण त्यानंतरचं तिने लिहिलेलं नसणार, म्हणून मी लिहिते.

मंगळवारी दुपारपासून तिला कानापर्यंत कळा येऊ लागल्या. मी कामावर होते. तिने मला फोनही केला नाही. मी आले तेव्हा ती गॅलरीत जमिनीवर गाल टेकून पडली होती. बुधवारी डॉक्टरांनी पाहिलं. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते आणि तिच्याखाली जखम भरते. ती गुठळी निघून गेली होती, आत हाड उघडं पडलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, नळीने काही प्यायलीस का? नळीने ओढलं की तोंडात ताण येतो आणि गुठळी उपटून येते. क्षितिजा गप्प. मग मला डब्यातले देठ आठवले.

बाबा, तुम्ही मायेनेच पाठवलंत, माझ्या मनात तुमच्याबद्दल काही नाही. पण शहाळी रविवारी माझ्याच हातात आली होती, देठ मीच धुऊन ठेवले, आणि मला सुचलं नाही. मी थकलेली असते. प्रीतम सात-सात महिने समुद्रावर, आणि इथे जे चुकतं ते माझ्या नावावर चुकतं. एवढीच विनंती आहे की यापुढे तिच्या औषधपाण्याच्या बाबतीत काही पाठवण्याआधी मला कळवावं.

रोज खड्डा धुऊन लवंगेच्या तेलाची पट्टी भरतात. तेव्हा ती माझा हात इतका दाबते की वळ उठतात. आता कळा कमी आहेत. उजवी दाढ २० डिसेंबरला काढायची ठरली होती. तिच्याभोवतीही पिशवी धरायला लागली आहे, थांबून चालणार नाही असं डॉक्टर म्हणतात. पण क्षितिजा ऐकत नाही. मेले तरी परत त्या खुर्चीवर बसणार नाही म्हणते.

तब्येत सांभाळावी. आमच्यावर राग नसावा.

हेमाली


आगाशी
६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. हेमालीस आशीर्वाद,

पत्र मिळालं. चूक माझी आहे. तुझी नाही, पोरीची नाही. डॉक्टरांना विचारल्यावाचून शहाणपणा केला. यापुढे काही पाठवणार नाही.

पांडुरंग


नायगाव
२० नोव्हेंबर २०२५

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

तीन आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. खालची पेटी मी रोज उघडते. विजेचं बिल, कोणत्यातरी क्लासची जाहिरात, आणि एकदा चुकून वरच्या मजल्यावरच्यांचं लग्नाचं आमंत्रण. भावेशकाका परवा बाजारात भेटला. तो म्हणाला, तुम्ही बरे आहात, पण विहिरीकडे जात नाही आणि घराजवळची पपई तुम्ही स्वतः कापून टाकलीत. मला ते ऐकून कसंतरी झालं.

जखम भरली आहे. सुकेळी खाता येतात. कोणी पाठवली तर.

लाल पेनाने का होईना, उत्तर यावं.

क्षितिजा


नायगाव
३० नोव्हेंबर २०२५

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणालात, तुला खोटं लिहायचं नाही. मी तुम्हाला खोटं लिहिलं नाही, पण एक गोष्ट लिहिली नाही. ती आज लिहिते. काल रात्री जेवताना आईला सांगितली. ती रागावली नाही. ताट तसंच ठेवून ओट्याला टेकून उभी राहिली.

फ्रिजवरच्या कागदावर पाचवी सूचना होती, सात दिवस नळीने काहीही पिऊ नये. मला ती पाठ होती. देठ हातात घेतला तेव्हाही आठवत होती. वाटीत ओतून चमच्याने पिता आलं असतं. पण तुम्ही लिहिलं होतं की तुम्ही कट्ट्यावर देठ घेऊन बसणार. मी चमचा घेतला असता तर आपण दोघं एकच गोष्ट करत नसतो. मग मी इथे एकटी आणि तुम्ही तिथे एकटे. मंगळवारी दुखायला लागलं होतं, तरी चार वाजता मी परत देठ लावला. म्हणून आईला फोन केला नाही. डॉक्टरांसमोर गप्प बसले आणि सगळा दोष तुमच्यावर जाऊ दिला. पपई तुम्ही उगीच कापलीत. चूक माझी होती.

अजून एक. गेल्या वर्षीच्या जूनचं. तुम्हाला वाटतं की मी दीड तास रडत बसले होते. मी पायरीवर बसून भूगोलाचा नकाशा पूर्ण केला. आतून तुमचा खोकला ऐकू येत होता. मधेच खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. मला भीती वाटली नाही, कंटाळाही आला नाही, कारण आत कोणीतरी होतं. रोज मी चावीने दार उघडते ना आजोबा, ते लगेच उघडतं, आणि आत कोणी खोकत नाही. त्यापेक्षा तो दीड तास बरा होता.

उजवी दाढ काढायला मी तयार आहे, असं आईला सांगितलं. बसेन त्या खुर्चीवर. पण खूप भीती वाटते. या वेळी लवंगेच्या वासाचीसुद्धा वाटते.

या ना.

क्षितिजा


आगाशी
६ डिसेंबर २०२५

चि. क्षितिजास अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. आधी राग आला. पाठ असून प्यायलीस! तुझ्या बापाला असं काही केल्यावर मी फोकाने मारलं असतं. मग कमळी भात घेऊन आली आणि मला रडताना बघून परत गेली, आता सगळ्या आळीत झालं असेल की म्हाताऱ्याला काहीतरी वाईट बातमी आली. उद्या तिला समजावीन.

खोकल्याचं माहीत नव्हतं. मी आत बसून तुला काही देत होतो हे मला आज कळलं.

गुरुवारी, १८ तारखेला भावेश मला आणून सोडेल. हेमालीला वेगळं पत्र लिहून विचारलंय, यापुढे विचारूनच करायचं ठरलंय. सोबत आजीची पितळी वाटी आणि छोटा चमचा आणतो. देठ नाही. शहाळं वाटीत ओतायचं आणि दोघांनीही चमच्याने प्यायचं. मी तुझ्यासमोर चमच्याने पिताना कसा दिसतो ते बघून हसलीस तर टाके तुटतील, तेव्हा आधीच हसून घे.

बेलचंही बघतो. चिकूवरची वटवाघळं हाकलायला आपण डबे बांधून दोरी घरापर्यंत आणली आहे, तशीच दोरी आणतो. एक टोक दाराच्या फटीतून बाहेर, दुसरं माझ्या मनगटाला. ओढलीस की हात हलेल. कान गेले, हात आहेत अजून. शेजारीण काय म्हणायचं ते म्हणू दे, मला ऐकू येणार नाही.

खुर्चीवर बसशील तेव्हा मी बाहेर बाकावर असेन. या वेळी सव्वीसचा पाढा. तो तुला येत नाही, जास्त वेळ पुरेल.

येतोच आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

आजोबा


नायगाव
२२ डिसेंबर, सोमवार

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही समोरच्या खुर्चीत बसला आहात आणि मी तुम्हाला पत्र लिहिते आहे. पोस्टमन मीच. डॉक्टरांनी उद्यापर्यंत कमी बोलायला सांगितलंय आणि तुमच्यासाठी ओरडायचं म्हणजे सगळे टाके जातील.

सव्वीसचा पाढा सातापाशीच अडला, दाढ त्याआधीच निघाली होती. गाल या वेळी लिंबाएवढाच आहे. आज सकाळपासून फ्रिजचा आवाज ऐकूच आला नाही. तुम्ही दोनदा खोकलात, तीनदा खुर्ची सरकवलीत, आणि एकदा पेपर वाचता वाचता घोरलात. मी मोजलं.

शुक्रवारी शाळेतून आल्यावर मी दोरी ओढली आणि लगेच दार उघडलं, तेव्हा मला तुमच्याशी काहीच बोलता आलं नाही. दाढ तर अजून काढायची होती. तुम्हाला वाटलं असेल ऐकू आलं नाही. मी बोललेच नव्हते.

गुरुवारी तुम्ही जाणार, भावेशकाका येणार. एक मागायचं होतं. जाताना दोरी सोडू नका. आईला मी सांगीन. शाळेतून आल्यावर मी एकदा ओढीन आणि मग चावीने उघडीन. आत कोणी नसेल, ते कळतंय मला. तरी राहू दे.

याच कागदावर खाली उत्तर लिहा. लाल पेन टीव्हीजवळ आहे.

क्षितिजा


चि. क्षितिजास आशीर्वाद,

‘सांगीन’ बरोबर, ‘ओढीन’ही बरोबर. पाचपैकी पाच.

गुरुवारचं मी भावेशला अजून काही सांगितलेलं नाही. तुझी आई संध्याकाळी आली की आधी तिला विचारतो.

चार वाजले. वाटी आण.

आजोबा